बारा बिस्किटे, पंधरा भुंगे



 बालसाहित्यातून गणित शिकवण्याचा विचार करायला शिक्षक, पालक आणि बालवाचक जमले आहेत. तेव्हा स्वागतही गोष्टीनेच व्हावे.

ब्रिटिश लेखिका पॅट हचिन्स यांचे ‘द डोअरबेल रँग’ हे चित्रपुस्तक १९८६ साली आले. आई डझनभर बिस्किटे करते. सॅम आणि व्हिक्टोरिया ही दोघे भावंडे, म्हणजे सहा-सहा. तेवढ्यात दाराची घंटा वाजते, शेजारची दोघे येतात, तीन-तीन. पुन्हा घंटा, आता सहा जण, दोन-दोन. आणखी सहा आले की एकेक. बिस्किटे बाराच, वाटा मात्र दर घंटेला घटतो. परत घंटा वाजते आणि सगळ्यांचे डोळे बशीकडे लागतात. दारात आजी असते, बिस्किटांचे भलेमोठे ताट घेऊन.

वर्गात वाचताना पान उलटण्याआधी थांबायचे. मुलांपुढे बारा चिंचोके. घंटा वाजली की बोटे आपसूक वाटण्या करू लागतात. भागाकाराचे चिन्ह फळ्यावर आलेलेही नसते. मग एखादी विचारते, ‘पाच जण असते तर?’ पुस्तकात पाच कधीच येत नाहीत. दोन-दोन देऊन दोन बिस्किटे उरतात, ती कशी तोडायची यावर वाद होतो आणि त्या वादातून अपूर्णांक वर्गात येतो. त्यात अख्खा तास गेला तरी जाऊ द्यावा. गणितासाठी ओढूनताणून रचलेल्या गोष्टीतून असा प्रश्न सहसा निघत नाही.

गोष्टीतून गणिताकडे नेणारी ही वाट आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यातल्या एका उदाहरणात थव्यातले पाचवा हिस्सा भुंगे कदंबावर जातात, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर. उरतो एकच, केतकी आणि मालतीच्या गंधात घुटमळणारा. थवा पंधरांचा. गोष्टीतला सर्वांत हळवा तपशील तो एकटा भुंगा. तोच नसता तर उदाहरण सुटले नसते! 

पहिल्या सत्रासाठी पाच-पाच जणांचे गट केले आहेत. प्रत्येक गटाला बारा चिंचोक्यांची एक पुडी मिळेल. चिंचोका तोडता येत नाही. उरलेल्या दोन चिंचोक्यांचे काय करायचे, ते गोष्ट रचूनच सांगायचे आहे.