बर्फावरची धाव

(साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



परवा मी वर्गात पृथ्वीचा गोळा आणला होता. तो तुम्ही सर्वांनी हातात घेऊन फिरवून पाहिला. तेव्हा एका काकूंनी गोळ्याच्या अगदी बुडाशी बोट ठेवले आणि विचारले, "गुरुजी, हे खाली पांढरं काय आहे? तिथं माणसं राहतात काय?"

मी उत्तर देणार, तोच मागून एक तरुण म्हणाला, "राहतात तर! तिथं बर्फावर धावण्याची शर्यतही होते. मी मोबाईलवर पाहिली."

सगळे हसले. एक बुवा म्हणाले, "त्या लोकांना काही कामधंदा नाही वाटते!"

मीही हसलो. पण घरी गेल्यावर विचार केला, की या शर्यतीत आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे. म्हणून आज तीच गोष्ट सांगतो.

त्या पांढऱ्या भागाचे नाव अंटार्क्टिका. तो पृथ्वीच्या दक्षिण टोकाला आहे. आपल्या भारतासारखे चार देश त्यात मावतील आणि वर थोडी जागा उरेल, एवढा तो मोठा आहे. त्यातली जवळजवळ सगळी जमीन बर्फाखाली आहे. हा बर्फ सरासरी दोन किलोमीटर जाड आहे. म्हणजे आपल्या गावातली सर्वांत खोल विहीर घ्या, तशा कितीतरी विहिरी एकाखाली एक खणाव्या, तेव्हा कुठे खालची माती लागेल.

थंडी किती? पाणी गोठून बर्फ होते ते शून्य अंशाला. त्याहून जास्त थंडी पडली, की उणे अंश म्हणतात. २१ जुलै १९८३ या दिवशी तिथल्या व्होस्तोक नावाच्या ठाण्यावर पारा उणे ८९.२ अंशांपर्यंत उतरला होता. आपल्या वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तिथे हिवाळा असतो. आपल्याकडे डिसेंबरात शेकोट्या पेटतात, तेव्हा तिथे उन्हाळा. पण तो उन्हाळाही बर्फाचाच. सूर्य मात्र तेव्हा मावळत नाही. रात्री बारा वाजताही लख्ख ऊन असते.

तिथे गावे नाहीत, शेती नाही, झाडे नाहीत. निरनिराळ्या देशांनी तिथे अभ्यासासाठी ठाणी बांधली आहेत. हवा, बर्फ, समुद्र, खडक यांचा अभ्यास तिथे चालतो. आपला देशही त्यात मागे नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावरून २१ जणांची पहिली तुकडी जहाजाने निघाली. डॉ. कासिम हे तिचे प्रमुख होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ती तिथे पोचली. पुढे आपले पहिले ठाणे उभे राहिले. त्याचे नाव दक्षिण गंगोत्री. ते हळूहळू बर्फात गाडले गेले. मग १९८९ साली मैत्री आणि २०१२ साली भारती अशी दोन ठाणी झाली.

आणि बायांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९८३-८४ च्या तुकडीत दोन स्त्रिया होत्या. भारतीय तुकडीतून अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. एक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या अदिती पंत. या अदितीबाईंचा जन्म नागपूरचा. म्हणजे आपल्या शेजारच्याच की! आपल्याइतकेच कडक ऊन सोसणाऱ्या नागपुरात जन्मलेली मुलगी बर्फावर जाऊन काम करून आली.

आता शर्यतीकडे वळू.

अमेरिकेचे मॅकमर्डो नावाचे ठाणे तिथे समुद्रकाठी आहे. तिथली माणसे उन्हाळ्यात मॅरेथॉन धावतात. थेट दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचेच दुसरे ठाणे आहे. तिथे नाताळात ध्रुवाभोवती फेऱ्या मारतात आणि गमतीने म्हणतात, "आम्ही पृथ्वीप्रदक्षिणा केली." शिवाय २००६ पासून बाहेरचे धावपटूही विमानाने बर्फावर उतरतात आणि मॅरेथॉन धावून परत जातात.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. वर्ध्याहून सेवाग्राम ८ किलोमीटर आहे. ते अंतर पाच वेळा कापा आणि वर दोन किलोमीटर जा, म्हणजे झाली मॅरेथॉन. चांगल्या रस्त्यावरसुद्धा हे सोपे नाही. मग बर्फावर कसे धावत असतील?

पहिली अडचण पायांची. नांगरलेल्या वावरातून तुम्ही कधी पळालात? ढेकळात पाय रुततो, मुरगळतो, दम लागतो. भुसभुशीत बर्फावर तसेच होते. एक पाय काढावा, तर दुसरा रुततो. म्हणून तिथे लांब ढांगा टाकत नाहीत. लहान लहान पावले टाकतात.

दुसरी अडचण वाऱ्याची. थंडी उणे १५ अंश असली आणि वारा सुटला, तर अंगाला ती त्याहून किती तरी जास्त लागते. वारा अंगाभोवतीची ऊब पळवून नेतो. नाक, कान, बोटे आधी बधिर होतात. मग पांढरी पडतात. वेळीच लक्ष दिले नाही, तर बोट कापावे लागते.

तिसरी अडचण डोळ्यांची. बर्फावरून ऊन उलटून डोळ्यांत येते. काळा चष्मा लावला नाही, तर डोळे सुजतात आणि काही काळ दिसेनासे होते.

चौथी अडचण वाटेची. बर्फात खोल भेगा असतात आणि त्यांच्यावर बर्फाचेच पातळ झाकण असते. वरून काही कळत नाही. म्हणून जाणती माणसे आधी वाट तपासतात आणि दोन्ही बाजूंना झेंडे रोवतात. झेंड्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, हा तिथला कायदा.

पण मंडळी, या चारांपेक्षा मोठी अडचण पाचवी आहे. तुम्हांला नवल वाटेल. ती म्हणजे घाम!

आपल्या माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो. त्या ओलाव्याला वारा लागतो. ओल वाळते आणि वाळताना ऊब घेऊन जाते. घामाचे तसेच आहे. उन्हाळ्यात घाम आला, की आपले अंग निवते. घाम आपला मित्र. पण बर्फावर धावणाऱ्याचे कपडे घामाने भिजले आणि तो दमून थांबला, की काय होते? धावण्याने अंगात येणारी ऊब बंद होते. ओला कपडा मात्र गार करतच राहतो. माणूस थरथरतो. मग त्याला नीट बोलता येत नाही. मग त्याला झोप यावीशी वाटते. त्या झोपेतून तो उठेलच असे नाही.

म्हणून तिथला शहाणा धावपटू एक जाड कोट घालत नाही. तो तीन पदरी कपडे घालतो. आतला पदर घाम शोषून बाहेर टाकणारा. मधला ऊब धरणारा. बाहेरचा वारा अडवणारा. घाम येऊ लागला, की तो चाल कमी करतो. तहान लागली नाही तरी तो गरम पाणी पितो, कारण तिथली हवा फार कोरडी असते. वाटेत तंबू असतात, डॉक्टर असतात. डॉक्टरने "बस" म्हटले, की थांबायचे. त्यात कमीपणा नाही.

हे वाचले, तेव्हा मला माझी एक चूक आठवली. ती आज तुमच्यापुढे कबूल करतो.

पस्तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक होतो. मार्च सरत आला होता. मी मुलांची शर्यत ठेवली. शाळेपासून नदीपर्यंत आणि परत. भर दुपारची वेळ. सातवीतला एक मुलगा सर्वांत पुढे होता. मी सायकलवर त्याच्या बाजूने चाललो होतो. परतीला त्याची चाल मंदावली. तो म्हणाला, "गुरुजी, डोकं दुखते." मी ओरडलो, "थांबू नको! नाक कापतो काय माझं?"

तो धावला. थोड्या वेळाने त्याचे पाय वेडेवाकडे पडू लागले. तो भलतेच बोलू लागला आणि पडला. मी अंगाला हात लावला. अंग भाजत होते आणि घामाचा एक थेंब नव्हता.

मला काही सुचेना. धुऱ्यावर एक म्हातारी बकऱ्या चारत होती. ती धावत आली. तिने पोराला बाभळीच्या सावलीत ओढले. सदरा काढला. आपल्या मडक्यातले सगळे पाणी त्याच्या अंगावर ओतले आणि पदराने वारा घालू लागली. तोंडात पाणी घालू दिले नाही. म्हणाली, "शुद्ध नाही त्याले. ठसका लागन." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, नंबर कोणाचा आला ते राहू द्या. पोराले घरी न्यायचं हाय का नाही?"

बंडीत घालून मुलाला दवाखान्यात नेले. तो वाचला. ती म्हातारी एक अक्षरही शिकलेली नव्हती आणि मी मास्तर होतो. तेव्हापासून मी दुपारी शर्यत ठेवली नाही आणि "थांबू नको" असे कोणत्याही मुलाला म्हटले नाही.

त्या म्हातारीचा प्रश्न बर्फावरही तोच आहे. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवावर पहिले कोण पोचतो, अशी चढाओढ लागली होती. नॉर्वे देशाचे आमुंडसेन आपल्या चार सोबत्यांसह १४ डिसेंबर १९११ रोजी पोचले. इंग्लंडचे कॅप्टन स्कॉट हेही चार सोबत्यांसह १७ जानेवारी १९१२ रोजी पोचले. आमुंडसेन यांनी जाण्याआधीच परतीचा विचार केला होता. वाटेत अन्नाचे साठे ठेवले. धुक्यात साठा चुकू नये म्हणून आजूबाजूला झेंड्यांची रांग लावली. गाड्या ओढायला कुत्री नेली. ते सर्व सुखरूप परतले.

स्कॉट आणि त्यांचे सोबती भित्रे नव्हते. फार धीराची माणसे होती ती. पण गाड्या स्वतः ओढून ती थकली. थंडी नेहमीपेक्षा कडक पडली. साठवलेले रॉकेल डब्यांतून उडून कमी झाले होते. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. शेवटचे तिघे ज्या तंबूत गेले, तिथून अन्नाचा मोठा साठा साधारण १८ किलोमीटरवर होता. वर्ध्याहून देवळी जेवढी दूर, जवळजवळ तेवढाच!

धीर दोघांजवळ होता. फरक परतीच्या तयारीत पडला.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आपल्या माणसाला बर्फ कसा सोसेल?" तर ऐका. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. दुष्काळी मुलूख. तिथला अविनाश साबळे हा गरीब घरचा मुलगा. लहानपणी काही किलोमीटर पायी शाळेत जाई. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. त्याला सियाचीनच्या हिमनदीवर पाठवले. तो ध्रुव नव्हे, पण तिथेही पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. मग राजस्थानच्या वाळवंटात आणि पुढे सिक्कीममध्ये त्याने नोकरी केली. शर्यतीत तो उतरला २०१५ साली. तेव्हा त्याचे वय वीस वर्षांचे होते. लोक म्हणतात, धावणे लहानपणीच शिकावे. त्याने उशिरा सुरू केले. २०२२ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रुपेरी पदक मिळवले. वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद. पहिला आलेला केनियाचा धावपटू त्याच्या किती पुढे होता? एका सेकंदाचे शंभर भाग करा. त्यांतले फक्त पाच भाग! २०२३ साली आशियाई खेळांत अविनाशने सोन्याचे पदक आणले.

तेव्हा उशिरा सुरू केले म्हणून लाजू नका. तुम्हीही पन्नाशीत पाटी हातात घेतली आहे. लहान लहान पावले टाका.

शेवटी घरी नेण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. वर्ध्याच्या उन्हात ते फार चढले तरी घात, थंडीत फार उतरले तरी घात.

उन्हात कोणी भलतेच बोलू लागला, तर त्याला सावलीत घ्या. अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. लगेच दवाखान्यात न्या.

हिवाळ्यात रात्रीची लाईन येते आणि तुम्ही गव्हाच्या ओलिताला जाता. तेव्हा कोरड्या कपड्यांचा एक जोड सोबत ठेवा. भिजलात तर आधी ओले काढा, मग शेकोटीजवळ बसा. बधिर बोटे विस्तवात धरू नका. चटका बसला तरी कळत नाही.

आणि थंडी घालवायला दारू पिऊ नका. तिने ऊब आल्यासारखी वाटते, पण खरे पाहता अंगातली ऊब बाहेर निघून जाते.

त्या काकूंनी गोळ्यावर बोट ठेवले, म्हणून ही सारी गोष्ट निघाली. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी बोट ठेवा. आज रात्री ओलिताची पाळी ज्याची असेल, त्याने कोरडा जोड घेतल्याशिवाय घरून निघू नये.