मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि वार्धक्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सनद मिळाली म्हणजे मनुष्य वकील होतो असे नाही, हे खामगावच्या न्यायालयात उभे राहिल्यावर आम्हांस कळले. आरंभीची वर्षे धुऱ्याच्या तंट्यांत गेली. पुढे वाटण्या, वारसाहक्क व मृत्युपत्रे हेच आमचे मुख्य काम झाले.

एका प्रकरणाने मात्र आमची दृष्टी पालटली. मेहकर तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने आपली स्वकष्टार्जित शेती बक्षीसपत्राने मुलास दिली. दस्त आम्हीच लिहिला. भाषा निर्दोष, मुद्रांक बरोबर. दोन वर्षांनी तेच गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन बसले व म्हणाले, "वकीलसाहेब, त्या कागदात माह्या भाकरीची ओळ कुठी हाय?" ती नव्हती. निर्वाहाच्या अर्जावर त्यांना दरमहा काही रक्कम मिळाली. शेत परत आले नाही.

माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ अन्वये, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे वृद्धास स्वतः करता येतो. परंतु मुळात अट असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सुदेश छिकारा प्रकरणी सांगितले. २०२५ साली ऊर्मिला दीक्षित प्रकरणी त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचला, हे खरे. तथापि न लिहिलेल्या शब्दावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून आमची विनंती अशी की, शक्यतो मृत्युपत्रच करावे. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अवश्य हव्यात. आणि हयातीत ते केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले की मालकी तत्काळ जाते. ते करणेच असेल, तर अन्न, औषध व निवारा यांची अट स्पष्ट शब्दांत लिहवून घ्यावी.

त्या दिवसापासून आमचा एक नियम आहे. बक्षीसपत्र लिहिण्यापूर्वी आम्ही मुलास बाहेर बसवितो आणि वडिलांस एकच विचारतो, "उद्या आपण कोठे राहणार?" उत्तर मिळाल्यावाचून लेखणी उचलत नाही. हा प्रश्न आपणही घरोघरी विचारावा, इतकेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.