वरून कोसळणारा वारा
(शिक्षक मेळाव्यातील भाषण)



वळवाच्या पावसापूर्वी सुटणारा गार वारा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पाचोळा उडतो, दारे आपटतात, आणि मग टपोरे थेंब येतात. हा वारा गार का, व तो येतो कोठून, असे सहावीतील एखाद्या मुलाने विचारले, तर ‘पावसाकडून येतो’ एवढे सांगून आपल्यापैकी पुष्कळजण पुढील धड्याकडे वळतील. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. तो बाजूने आल्याचा भास होतो. वास्तविक तो ढगातून खाली उतरलेला असतो.

माठाचे पाणी पाझरून त्याची वाफ होते व माठ गार होतो, हे आपण शिकवितोच. ढगाखालच्या कोरड्या हवेतून पडणाऱ्या थेंबांचेही तसेच घडते. काही थेंब वाटेतच वाफ होतात, गारा वितळतात, आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. हवा थंड व जड होते, तिच्यावर पावसाचे ओझे असतेच. ती वेगाने कोसळते. जमिनीवर आदळताच ती चोहोबाजूंस पसरते. हा पसारा सुमारे चार किलोमीटरांच्या आत असेल तर शास्त्रज्ञ त्यास मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्याचा खरा जोर काही मिनिटेच टिकतो.

आपल्याकडे अशा वाऱ्याने फार तर पत्रे उडतात, झाडे पडतात. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेवर तो आला तर मात्र प्रसंग प्राणावर बेततो. प्रथम वारा समोरून येतो. पंखांवरील हवेचा वेग वाढतो आणि विमान आपोआप वर उचलले जाते. वैमानिकास वाटते, शक्ती अधिक झाली. तो ती कमी करतो. पुढच्याच क्षणी वरून दाब येतो, आणि लगेच वारा पाठीमागून वाहू लागतो. पंखांची उचल एकाएकी घटते. जेट इंजिनास पुन्हा पूर्ण जोर धरण्यास काही सेकंद लागतात, आणि जमीन तर जवळ आलेली असते.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथील केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअर लाइन्सचे बोइंग ७२७ विमान असेच कोसळले. १२४ जणांपैकी ११३ मृत्यू पावले. दहाएक मिनिटे आधी उतरलेल्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने धावपट्टी बदलण्याची सूचना नियंत्रण कक्षास केली होती. त्यामागून आलेल्या एका विमानाने उतरण्याचा प्रयत्न सोडून दिला; त्यानंतरची दोन मात्र सुखरूप उतरली! एकाच वाटेवर एकास धोका व दुसऱ्यास नाही, हे कसे?

शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक तेत्सुया फुजिता यांनी हे कोडे हाती घेतले. हे गृहस्थ मूळचे जपानचे. १९४५ साली अणुबाँबनंतर नागासाकी व हिरोशिमा येथे जाऊन, उन्मळलेली झाडे केंद्रापासून चहूकडे पडलेली त्यांनी पाहिली होती. १९७४ साली अमेरिकेतील चक्रीवादळांनंतर विमानातून पाहणी करताना तशीच ताऱ्याच्या किरणांसारखी आडवी झालेली झाडे त्यांना दिसली. भोवऱ्याने पाडलेली झाडे अशी पडत नाहीत. न्यूयॉर्कच्या अपघाताचे कारण खाली कोसळणारा लहानसा झोत हेच, असे त्यांनी प्रतिपादन केले. अनेक हवामानतज्ज्ञांना ते पटले नाही. जमिनीजवळ येईतो असा झोत दुबळा होईल, असे त्यांचे म्हणणे. फुजितांनी वादापेक्षा मोजमाप पसंत केले. १९७८ साली शिकागोनजीक डॉप्लर रडार मांडण्यात आले आणि असे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले.

तरीही १९८२ साली न्यू ऑर्लिन्सनजीक १५३ आणि १९८५ साली डॅलस येथे १३७ माणसे याच कारणाने गेली. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात हा विषय आला, आणि १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अनेक मोठ्या विमानतळांवर विशेष रडार बसले. झोतात सापडल्यास तत्काळ पूर्ण शक्ती देऊन विमानाचे नाक वर धरावे लागते. पण तेथे न शिरणे हेच उत्तम.

वर्गासाठी साहित्य अल्प लागते. सपाट अंगणात बारीक भुसा पसरावा व तांब्यातील पाणी उंचावरून एकाच जागी ओतावे. भुसा कोणत्या दिशांनी सरकला ते मुलांकडून फळ्यावर बाणांनी काढून घ्यावे. मग एका मुलाने कागदी विमान त्या बाणांवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यावे, आणि वारा कोठे समोरून, कोठे पाठीमागून, ते सांगावे. वैमानिक फसतो कोठे, असे विचारल्यास मुले बहुधा शेवटच्या कडेकडे बोट दाखवितील. त्यांना पुन्हा पहिल्या कडेशी आणावे.