बेव्हल कोणी ठरवायचा?



धाराशिवच्या संयोजकांनी बॉयलर हाउसमधल्या इंजिनिअर, फिटर, वेल्डरांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षपदाचा मान दिला, त्यांचा मी ऋणी आहे. अध्यक्षानं वर्षाच्या कामाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो छापील अहवालात आहे, सवडीनं वाचावा. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे, तो म्हणजे वेल्डिंगआधी पाइपच्या कडेला द्यायचा उतार, अर्थात बेव्हल, कारण तो फार वर्षं मनात साचला आहे.

ढोकी, केशेगाव, मुरूम, रांजणी ही साखर कारखान्यांची गावं आपल्याला पाठ आहेत. साखर कारखान्यांत एकेकाळी २१ किंवा ३२ किलो दाबाची वाफ असे, पाइपची भिंत बेताची असे आणि साडेसदतीस अंशांचा साधा व्ही पुरत असे. सहवीजनिर्मिती आली तसा दाब ६७, ८७, ११० किलोवर गेला, तापमानानं ५०० अंश ओलांडले, क्रोम-मॉलीचे जाड पाइप आले. ड्रॉइंगवर मात्र तोच जुना कोन नकलून येतो!

एएसएमईचं बी १६.२५ हे मानक स्पष्ट सांगतं. भिंत २२ मिलिमीटरपर्यंत असेल तर साधा बेव्हल. त्यापुढं आतल्या बाजूनं १९ मिलिमीटरपर्यंत साडेसदतीस अंश आणि वर फक्त दहा. भिंत ४० मिलिमीटर असेल तर एवढ्यानं वेल्डिंगच्या भरावाचा सुमारे पाचवा हिस्सा वाचतो. भराव कमी म्हणजे आकुंचन कमी, स्लॅग अडकायच्या जागा कमी, प्रीहीट धरून ठेवायचे तास कमी. मे महिन्यात तापलेल्या पाइपवर वाकून बसलेल्या माणसाला हे तास काय असतात ते विचारा.

सकाळच्या सत्रात तळाशी गोलाई असलेला जे-बेव्हल की वर सांगितलेला दुहेरी कोन, यावर बराच वाद झाला. जे-बेव्हलमध्ये भराव आणखी कमी लागतो, हे खरंच आहे. पण एका कारखान्यात बंद हंगामात मी काय पाहिलं ते सांगतो. लेथवर कापलेले जे-बेव्हलचे सगळे जोड रेडिओग्राफीच्या फिल्मवर स्वच्छ आले. शेवटचा जोड जागेवर कापावा लागला. ठेकेदाराच्या माणसानं गॅसकटर आणि ग्राइंडरनं हातानं जे काढला. रूट फेस, म्हणजे तळाची सरळ ठेवलेली कड, कुठं एक मिलिमीटर, कुठं तीन. फिल्मवर रूट न वितळल्याची सलग रेघ दिसली. जोड कापला, क्लॅम्पनं बसवायचं बेव्हलिंग मशीन आणलं, दुहेरी कोन घेतला, त्याच वेल्डरनं आर्गननं रूट मारला आणि जोड पास झाला. माझ्यापुरता वाद तिथं मिटला : शॉपमध्ये जे, जागेवर दुहेरी कोन.

आता खरी तक्रार. १९५० चे बॉयलर विनियम वेल्डरची परीक्षा घ्यायला लावतात, आणि ते योग्यच आहे. पण परीक्षा पास झालेल्या त्या माणसाला बेव्हल कापण्याआधी कोणी विचारतं का? भिंतीला किंवा बीमला खेटलेल्या जोडात टॉर्च आत जाईल का, हे त्याला कळतं, टेबलावर बसलेल्याला नाही. जोड फेल झाला की नाव मात्र त्याचं निघतं. हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच टेबलांवर होतो.

जाडीनुसार बेव्हलचा एक मराठी तक्ता करून प्रत्येक वर्कशॉपमध्ये लावावा, असं मनात आहे. कोण करणार, केव्हा, ते कार्यकारिणीत बोलू.

तोवर इंजिनिअर मित्रांना एक विनंती. यंदाच्या ओव्हरहॉलिंगला पाइप कापण्याआधी वेल्डरला जागेवर बोलवा, जोड दाखवा, आणि तो काय म्हणतो ते ड्रॉइंगवर लिहून मगच सही करा.