शेजारी बसून शिकविणारी माणसे

तान्ह्या मुलाचा श्वास मोजणे हे काम ऐकावयास सोपे वाटते. घड्याळ समोर धरावे, पोटाची हालचाल पाहावी आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील मुलाच्या बाबतीत आकडा ६० किंवा त्याहून अधिक आला तर पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तसाच आला तर ती धोक्याची खूण समजावी. एवढे नियम कोणत्याही शिबिरात अर्ध्या तासात सांगून होतात. प्रत्यक्षात मात्र घर अंधारे असते, मूल रडत असते, आजी त्याला दुपट्यातून बाहेर काढू देत नाही. शिवाय नवजात मुलाचा श्वास मुळातच एका लयीत चालत नाही. क्षणभर थबकतो, मग घाईने धावतो. नवखी आरोग्यसेविका येथे गोंधळते. मोजण्यात चूक झाली तर आजारी मूल घरीच राहते, आणि त्या वयात एका दिवसाचा विलंबही भारी पडतो. अशा वेळी तिच्या शेजारी बसून तोच श्वास स्वतःही मोजणारी आणि मग दोघींचे आकडे ताडून पाहणारी अनुभवी बाई असेल, तर जे शिबिरात साधले नाही ते त्या ओसरीवर साधते.

हाताखाली राहून शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. गवंडी, सुतार, सोनार असेच तयार होतात. गवयाचा शिष्य मागे तंबोरा धरून बसतो तोही याचसाठी. वैद्यकातही नव्या डॉक्टरला वर्षभर वडील डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करावे लागते, आणि शिकाऊ परिचारिकेच्या पाठीशी वॉर्डातील सिस्टर उभी असते. विपरीत एवढेच, की जी स्त्री खेड्यात एकटीच काम करते, जिच्या हाकेच्या अंतरावर डॉक्टर नाही, तिच्याच वाट्याला ही सोबत सर्वांत कमी येते.

ही उणीव ज्यांनी फार लवकर ओळखली त्यांत डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांची गणना करावी लागेल. १९७० साली या दांपत्याने जामखेड या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. खेड्यात राहून काम करावयास शिकलेल्या परिचारिका मिळेनात, तेव्हा गावांनी आपल्यातीलच स्त्रिया निवडून दिल्या. त्यांपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती, आणि अनेकजणी ज्यांना गाव शिवून घेत नसे अशा घरांतल्या होत्या. या स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवीत. आठवडाभरात गावात काय घडले, कोणती बाळंतीण अडली, कोणाचे मूल जुलाबाने सुकले, हे एकमेकींना सांगत, आणि त्या हकिकतींतूनच पुढचा पाठ निघे. त्यांच्या अडचणी हेच त्यांचे पाठ्यपुस्तक होते. पुढे यांतल्याच जुन्या स्त्रियांनी नव्या सेविकांना शिकविले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु निरक्षर स्त्रीने दुसरीची गुरू व्हावे, हा त्याहून मोठा मान म्हटला पाहिजे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ साली ३९ गावांतून घरीच नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग आरंभिला. थोडेफार शिकलेल्या आरोग्यदूत स्त्रिया बाळंतिणीच्या घरी जात, मुलाचे वजन करीत, ताप पाहत, जंतुदोष ओळखून औषध देत. त्यांच्या मागे नियमाने गावात येणारा जाणकार माणूस होता. तो नोंदी तपासी, चुकले असेल ते तेथेच दुरुस्त करून घेई. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली होती. याचे सारे श्रेय देखरेखीला देणे योग्य होणार नाही; पण तिच्यावाचून त्या स्त्रियांच्या हाती इंजेक्शनाची सुई विश्वासाने देता आली नसती, हेही खरे.

२००५ साली सुरू झालेल्या आशा योजनेत ही तरतूद कागदावर आहे. साधारण वीस आशांमागे एक मार्गदर्शक स्त्री असावी असा दंडक आहे. महाराष्ट्रात तिला गटप्रवर्तक म्हणतात. नाव चांगले आहे. परंतु वह्या, तक्ते आणि अहवाल यांचा भार वाढला की प्रवर्तकाची तपासनीस होते. तपासनीस आल्यावर सेविका वही पुढे करते आणि चूक मागे लपविते. ज्या माणसाजवळ चूक निर्भयपणे सांगता येते तेच खरे मार्गदर्शक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ग्रामीण व वस्तीपातळीवरील सेविकांविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांतही प्रत्यक्ष काम पाहून शिकविण्यावर भर आहे.

एखाद्या आशेच्या वस्तीत तान्हे मूल दगावते, तेव्हा याची खरी कसोटी लागते. चौकशीचा कागद भरला जातोच, तो भरावाही लागतो. पण त्या घरासमोरून तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावयाचे असते, आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या बाळंतिणीचे दार ठोठवावयाचे असते. तेव्हा कोणी अनुभवी बाई तिच्याबरोबर त्या गल्लीतून चालत जाते की नाही, यावर ते दार ठोठावले जाईल की नाही हे पुष्कळ अंशी ठरते.