गोड बोलणारा सोबती



दुसऱ्याला आपल्या तालावर नाचवणारी, त्याचे रक्त पिऊन वर त्याच्याचकडून उपकार मानून घेणारी माणसे कशी ओळखावी आणि त्यांच्याशी कसे वागावे, हा विषय चिटणीसांनी आमच्या गळ्यात घातला. आम्ही मानसशास्त्राचे प्राध्यापक नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गेट-मीटिंगमध्ये, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि रात्री दिव्याखाली हाती लागतील त्या पुस्तकांत झाले. परंतु तीस वर्षे मजूर, मुकादम, ठेकेदार आणि पुढारी यांच्यात काढल्यावर या जातीची माणसे पाहायला मिळाली नाहीत असे कोण म्हणेल?

या विषयाचा सर्वांत जुना धडा आपल्या दारावरून जातो. नागपुराहून कामठी, कन्हान, मनसर, देवलापार करीत सिवनी-जबलपूरकडे जाणारा जो रस्ता, त्या रस्त्याच्या वरच्या टोकाला, जबलपुरास, दोनशे वर्षांपूर्वी स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी बसला होता. ठगांच्या बंदोबस्तासाठी त्याचे नाव झाले. ठगांची गुप्त बोली रामसी. तिचा कोश त्याने 1836 साली कलकत्त्यास छापला. त्यात एक शब्द आहे : सोठा. सोठा म्हणजे वाटसरूला गोड बोलून टोळीत ओढणारा. रुमाल टाकणारा वेगळा आणि हा वेगळा. याच्या अंगी बळ नको, हत्यार नको. नीटनेटका पोशाख, अदबीचे बोलणे आणि समोरच्याच्या मनातले ओळखण्याची हातोटी, एवढ्यावर तो टोळीचे पोट भरी.

त्याची रीत पाहा. वाटेत भेट होई, आपणही त्याच गावाला निघालो आहोत असे निघे. चार दिवस बरोबर चालायचे, एका चुलीवर भाकरी भाजायची, घरची सुखदुःखे विचारायची. वाटसरूला संशय आलाच, तर दुसरा सोठा पुढे होई आणि म्हणे, बरोबर ओळखलेत, ती माणसे चांगली नाहीत; आमच्याबरोबर चला. म्हणजे ज्या भीतीने सावध व्हायचे, तीच भीती त्याला दुसऱ्या फासात नेई. आज आपल्याकडे फोन येतो, 'तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे, मी पोलीस अधिकारी बोलतो, तुम्हाला यातून सोडवतो, पण कॅमेऱ्यासमोरून हलू नका आणि घरात कोणाला सांगू नका'. तो हाच दुसरा सोठा, फक्त पायी चालत नाही एवढेच. डिजिटल अरेस्ट नावाची अटक आपल्या कायद्यात नाही.

आता यावर उपाय काय निघाले ते ऐका. 1810 साली बंगालच्या फौजेत शिपायांसाठी हुकूम निघाला. रजेवर घरी जाणारे शिपाई कमरेला पगार बांधून निघत आणि वाटेतच नाहीसे होत. हुकुमात सांगितले होते की, अनोळखी माणसांची सोबत धरू नका, उजाडण्यापूर्वी वाट चालू नका, आणि रोकड जवळ न बाळगता सरकारी खजिन्यावरची हुंडी घ्या. त्यात ठगाचा चेहरा कसा असतो याचे वर्णन करीत बसण्याऐवजी शिपायाने स्वतः काय करावे ते सांगितले आहे. आम्हाला हा हुकूम फार शहाणपणाचा वाटतो.

पुढे सरकारने दुसरी वाट धरली. 1836 च्या कायद्याने, अमुक माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. पुरावा बहुतेक माफीच्या साक्षीदारांचा. स्लीमनने उभे केलेले ठगांचे चित्र फुगवलेले आहे असे आज पुष्कळ इतिहासकार म्हणतात, ते यामुळेच. आणि त्याच विचारातून 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. तो शिक्का कायद्याने 1952 साली पुसला. पण आपल्या विदर्भातल्या पारध्याला विचारा, पोलीस चौकीत तो पुसला गेला आहे का. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, असला माणूस तोंडावरून, जातीवरून, कपड्यावरून ओळखू येतो हा भ्रम टाका. तोंडावरून ओळखू आला असता तर सोठ्याचा धंदा एक दिवस चालला नसता.

डॉक्टरांनीही हा प्रश्न हाताळला आहे. अमेरिकेत क्लेक्ली नावाच्या डॉक्टराने 1941 साली ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ 'शहाणपणाचा मुखवटा'. बोलणे मोहक, बुद्धी शाबूत, पण दुसऱ्याच्या दुःखाची झळ नाही आणि केल्याची लाज नाही, अशी माणसे त्याने वर्णिली. पुढे कॅनडातल्या हेअर यांनी वीस लक्षणांची यादी केली. पण ही यादी शिकलेल्या तज्ज्ञाने हाती धरायची आहे. शेजाऱ्यावर, सासूवर किंवा न पटणाऱ्या अधिकाऱ्यावर चिकटवायची नाही. हल्ली जो तो दुसऱ्याला आत्मपूजक आणि मनोरुग्ण म्हणतो. आमच्या धंद्यात तर पगारवाढ मागणाऱ्या प्रत्येकाला मालक माथेफिरू म्हणत आले आहेत! रोगाचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी चालते. वागणूक पाहावी.

वागणूक कोणती, ते एका घटनेवरून सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण बाई आपल्यापैकीच आहे. नवरा खाणीत कामाला. कामावर असतानाच वारला. पहिल्याच दिवसापासून चाळीतला एक ओळखीचा गृहस्थ धावून आला. लाकडे आणली, तेराव्याचा स्वयंपाक पाहिला, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरले. कागद हरवतील म्हणून सांभाळायला घेतले. मग बँकेचे पासबुक, मग एटीएमचे कार्ड आणि त्याचा आकडा. बाईला तो सांगे, दिराचा डोळा तुमच्या पैशांवर आहे. दिराला सांगे, वहिनी दुसरे घर करणार आहे, नोकरीचा हक्कही घेऊन जाईल. एका अंगणातली दोन घरे सहा महिने एकमेकांशी बोलली नाहीत. बाईने पासबुक मागितले तेव्हा हा शांतपणे म्हणाला, तुम्हालाच दिले होते की, विसरलात. दुःखाने तुमचे डोके ठिकाणावर नाही. बाई आम्हाला म्हणाली, "भाऊ, मले तर खरंच वाटाले लागलं का माहंच डोस्कं फिरलं. तो मानूस मले देवावानी वाटे."

लंडनमध्ये 1938 साली हॅमिल्टन या नाटककाराचे 'गॅस लाइट' नावाचे नाटक रंगभूमीवर आले. त्यातला नवरा बायकोला असेच पटवत जातो की तुझी स्मृती गेली, दिवा मंदावला हा तुझा भास. त्यावरून इंग्रजीत या छळाला नावच पडले. आपल्याकडे नाव नसेल, पण 'तुलाच काही कळत नाही' हे वाक्य ऐकत म्हाताऱ्या झालेल्या बायका प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. मारहाण नसली तरी असा शाब्दिक आणि मानसिक छळ 2005 च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात धरला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

त्या गृहस्थाने तीन गोष्टी केल्या. बाईला एकटी पाडली, कागद स्वतःच्या ताब्यात ठेवले, आणि विचारणे म्हणजे कृतघ्नपणा असे वातावरण केले. अडीअडचणीला धावून येणारा प्रत्येक माणूस लबाड नसतो. नाहीतर आपली वस्ती एक दिवस उभी राहिली नसती. पण खरा मदतगार तुम्हाला तुमच्या भावाबहिणीजवळ नेतो आणि हिशेब विचारला तर रागावत नाही. दुप्पट पैसे देणाऱ्या योजनांचे एजंट याच कसोटीवर उतरवावे. बोस्टनच्या पाँझीने 1920 साली पंचेचाळीस दिवसांत शेकडा पन्नास नफा कबूल केला आणि नव्याचे पैसे जुन्याला दिले. आपल्या राज्याने ठेवीदारांसाठी 1999 साली कायदा केला, तरी फसणारे थांबले नाहीत, कारण एजंट बहुधा स्वतःचा मेव्हणा असतो.

आमच्या स्वतःच्या धंद्याबद्दल गप्प बसणे बरे नव्हे. 'मी आहे ना, तुम्ही फक्त सही करा' असे म्हणणारा पुढारी आम्ही लाल, निळ्या आणि भगव्या तिन्ही झेंड्यांखाली पाहिला. 1926 च्या कायद्याने युनियनच्या हिशेबाच्या वह्या सभासदाला पाहण्याचा हक्क दिला. किती सभासदांनी त्या मागितल्या? वही मागितली की ज्या पुढाऱ्याला मालकाचा हस्तक आठवतो, त्याची वर्गणी बंद करावी.

तर त्या बाईचे काय झाले. आम्ही त्या गृहस्थाशी भांडायला गेलो नाही. अशा माणसाशी वाद घालू नये; शब्द हा त्याचा आखाडा आहे, तिथे तो जिंकतो, आणि रडून दाखवायची वेळ आली तर आपल्यापेक्षा चांगला रडतो. आधी बँकेत जाऊन कार्ड बंद केले. मग दीर आणि भावजय यांना एका खाटेवर बसवले आणि तो तुम्हाला काय म्हणाला, तुम्हाला काय म्हणाला, एवढेच विचारले. अर्ध्या तासात सहा महिन्यांचे कारस्थान उघडे पडले. त्यानंतर जे बोलायचे ते लेखी आणि चार माणसांसमोर. पासबुक परत मिळाले. नोकरीचा अर्ज बाईने दिराला बरोबर घेऊन स्वतः दिला. काढून नेलेल्या रकमेची तक्रार अजून चालू आहे. ती सगळी मिळेल असे आम्ही तिला सांगितलेले नाही.

फोनवरून पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवा, उद्यावर टाकू नका. महिलांच्या मदतीसाठी 181 आहे. आणि ज्यांच्याजवळ न वाचता सही केलेले कागद आहेत, त्यांनी ते आम्हाला आणून दाखवावे. फी नाही. मात्र येताना घरातले आणखी एक माणूस बरोबर आणा, आणि मूळ कागद आमच्याजवळ ठेवून जाऊ नका, झेरॉक्स पुरे.