शिकागोची थंडी आणि शेजार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही आमच्याच मर्जीवर सोपविला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आता शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत जातात. त्यांपैकी काही कुटुंबे त्या देशाच्या मध्यपश्चिम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, शिकागो शहरी, बिऱ्हाड करून राहिली आहेत. आमचा मुलगाही तेथेच असतो. दोन खेपांत मिळून आम्ही उभयतांनी तेथे एक हिवाळा व एक उन्हाळा काढला. यंदाही आपल्यांतील काही घरांत पेट्या भरण्याची गडबड चालू असल्याचे कानी आले आहे. त्यांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने आजचे हे निवेदन आहे.

प्रथम थोडा भूगोल. मुंबई एकोणिसाव्या अक्षवृत्ताजवळ, तर शिकागो बेचाळिसाव्या. पण इटलीतील रोम हे शहरही जवळजवळ त्याच अक्षवृत्तावर आहे. मग रोममध्ये संत्र्याची झाडे डोलतात आणि शिकागोत माणसाचे नाक गोठते, याचे कारण काय? रोमला भूमध्य समुद्राची ऊब आहे आणि उत्तरेस आल्प्सचा आडोसा आहे. शिकागो हे एका विशाल खंडाच्या पोटात वसलेले. तेथून उत्तर ध्रुवाकडे थेट जाईपर्यंत वाटेत पूर्वपश्चिम पसरलेला एकही मोठा पर्वत नाही. आपल्या उत्तरेस हिमालय तटासारखा उभा आहे म्हणून आपण बचावलो. तेथील वाऱ्यास अडविणारे कोणी नाही. शहराच्या पूर्वेस मिशिगन सरोवर आहे. त्याला सरोवर म्हणावयाचे एवढेच. त्याचे क्षेत्रफळ सुमारे अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतके आहे.

जानेवारीतील रात्री पारा शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत उतरणे ही तेथे नित्याची गोष्ट समजतात. २० जानेवारी १९८५ रोजी तो शून्याखाली जवळजवळ तेहेतीस अंश सेल्सियस इतका उतरला होता. ३० जानेवारी २०१९ रोजी तो उणे तीस अंशांच्याही खाली गेला, तेव्हा पोस्टखात्याने त्या भागातील टपालवाटपच स्थगित केले. पाऊस, वारा, चिखल यांना न जुमानणारे ते खाते. त्यानेही त्या दिवशी हात टेकले.

अशा हवेत जावयाचे तर तयारी कोणती करावी? आमचा पहिला सल्ला असा की, येथून जड कोट खरेदी करून नेऊ नये. आपल्याकडील थंडीच्या मानाने शिवलेला कोट तेथे पुरत नाही आणि पेटीतील जागा मात्र अडते. कोट व बूट तेथेच घ्यावेत. एकच जाड वस्त्र घालण्याऐवजी तीन पातळ थर अंगावर चढवावेत. अगदी आतला थर सुती नसावा, कारण सूत घाम शोषून ओले राहते आणि ओले वस्त्र थंडीत वैऱ्यासमान होय. चार बोटे एकत्र राहतील असे हातमोजे सुट्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा अधिक ऊब देतात. कान व नाक झाकलेले असावे. कडक थंडीच्या दिवशी वारा असला तर उघडी कातडी काही मिनिटांत हिमदंशाने बधिर होते. रस्त्यावर पाण्याचा पातळ थर गोठला म्हणजे तो काचेसारखा पारदर्शक असल्यामुळे दिसत नाही. म्हणून पाऊल लहान टाकावे आणि हात खिशात न ठेवता मोकळे ठेवावेत. आपल्यासारख्या साठी उलटलेल्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण थंडीने आजारी पडणाऱ्याइतकीच घसरून हाड मोडून घेणाऱ्याची काळजी तेथे करावी लागते.

घरात मात्र थंडी वाजत नाही. भाड्याच्या घरात उष्णता पुरविण्याविषयी शिकागोत कायदाच आहे. १५ सप्टेंबरपासून १ जूनपर्यंत घरमालकाने दिवसा किमान अडुसष्ट अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस अंश सेल्सियस, इतके तापमान राखलेच पाहिजे. परंतु या ऊबेने हवा अतिशय कोरडी होते. ओठ फुटतात, नाक सुकते, टाचांना भेगा पडतात. खोबरेल तेल बाटलीत गोठून बसते. दह्याला विरजण लावले तर सकाळी दूधच हाती येते. म्हणून तेथील आपल्या गृहिणी पातेले भट्टीच्या कपाटात ठेवून आतला दिवा रात्रभर लावून ठेवतात. खिडक्या बंद असल्यामुळे फोडणीचा वास कोटांत मुरतो, तेव्हा कोटांच्या कपाटाचे दार आधी लावून मगच मोहरी तडतडू द्यावी. आणखी एक गोष्ट. फोडणीच्या धुराने छतावरील धोक्याची घंटा कर्कश वाजू लागते आणि ती काढून ठेवण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. बंद घरात भट्टी बिघडली तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो ओळखणारी घंटाही घरात असावी लागते, आणि या दोन घंटांवाचून दुसरा राखणदार नाही.

येथवर सांगितले ते पैशाने व सावधगिरीने साधते. ज्यास पैसा उपयोगी पडत नाही अशी अडचण निराळी आहे. डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारच्याही आधी सूर्य मावळतो. मुलगा व सून सकाळी कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात. मोटार चालविता येत नाही, बाहेर बर्फ पडलेले, दारे-खिडक्या बंद, आणि रस्त्यावर माणूस दृष्टीस पडत नाही. आपल्याकडे सकाळपासून भाजीवाला, दूधवाला, शेजारची वहिनी असा राबता दारात असतो. तो नसला म्हणजे काय होते, हे तेथे तिसऱ्या आठवड्यात कळू लागते. नवीन संसार मांडलेल्या, नोकरी नसलेल्या आपल्या लेकीसुनांचीही स्थिती हीच. थंडीचा कोट विकत मिळतो, एकटेपणावर तसा कोट मिळत नाही.

हा एकटेपणा केवळ मनाला त्रास देऊन थांबत नाही. शिकागोच्या इतिहासात याचा दाखला आहे, आणि आश्चर्य असे की तो उन्हाळ्यातला आहे. जुलै १९९५ मध्ये त्या शहरात उष्णतेची लाट आली. १३ जुलै रोजी पारा एकेचाळीस अंशांवर गेला. विदर्भातील आपली मंडळी यावर हसतील, कारण त्यांच्याकडे मे महिन्यात याहून अधिक उष्मा असतो. परंतु त्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. हवेत दमटपणा फार होता, रात्रीही घरे निवत नव्हती, हे तर खरेच. पण मृतांमध्ये एकटे राहणारे वृद्ध फार होते. कित्येकांनी चोराचिलटांच्या भयाने दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि कोणी त्यांची विचारपूस केली नव्हती. ज्यांच्याकडे येणारेजाणारे होते, त्यांचा निभाव अधिक लागला. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने यावर २००२ मध्ये ‘हीट वेव्ह’ नावाचे पुस्तकच लिहिले. नगरपालिकेनेही त्यातून धडा घेतला. आता तेथे ३११ या क्रमांकावर दूरध्वनी केला, तर एखाद्या एकट्या माणसाची खुशाली पाहून येण्याची व्यवस्था होते. तेव्हा थंडी असो वा उष्मा, दारावर थाप देणारे कोणी असणे हा हवामानापासून बचावाचा एक मार्गच होय, असे आम्ही समजतो.

अशी थाप देणारी माणसे परक्या गावी मिळतात काय? मिळतात, असा आमचा अनुभव आहे. आमच्या मुलाच्या घराशेजारी पोलिश वंशाच्या एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. शिकागोत असा नियम आहे की, आपल्या घरापुढील पायवाटेवरचे बर्फ ज्याने त्याने काढावयाचे. पाच फूट रुंद वाट मोकळी असली पाहिजे, आणि रात्री पडलेले बर्फ सकाळी दहाच्या आत हटविले पाहिजे. आमचा मुलगा आपली वाट झाली की फावडे तसेच पुढे नेऊन बाईंचीही वाट मोकळी करी. त्या बाईंनी आमच्या सौ.शी एक संकेत ठरविला. रोज सकाळी दोघींनी आपापल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा वर करावयाचा. पडदा वर गेला म्हणजे घरात सारे ठीक आहे. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नसे, परंतु पडद्याची भाषा दोघींनाही कळली. फेब्रुवारीतील एका सकाळी नऊ वाजले तरी बाईंचा पडदा खालीच. सौ.ने मुलाकरवी दूरध्वनी करविला, तो बाई तापाने अंथरुणास खिळलेल्या. औषध आणून दिले, दोन दिवस तांदळाची पेज पोहोचविली. पुढे त्यांनी सौ.ला आपल्या चर्चमधील बायकांच्या विणकामाच्या बैठकीस नेण्यास आरंभ केला, आणि आमच्या घरातील लांबच लांब दुपारी त्यानंतर पुष्कळ आखूड झाल्या.

मध्यपश्चिमेकडील माणूस हवेविषयी कोणाशीही बोलतो. बर्फात तुमची मोटार रुतली तर न बोलावता दोघे-तिघे येऊन ढकलतात. मात्र कळविल्यावाचून कोणाच्या घरी जाणे त्यांस रुचत नाही, आणि दिलेली वेळ पाळावी लागते. त्यांनी ‘कसे काय’ विचारले तर प्रकृतीचा सविस्तर वृत्तांत सांगण्याचे कारण नाही. बर्फातून उकरून मोकळ्या केलेल्या मोटारीच्या जागेवर तेथील लोक जुनी खुर्ची ठेवून हक्क सांगतात. कायद्यास ही चाल मान्य नाही, तरी शहाण्याने ती खुर्ची हलवू नये!

परगावाहून येणाऱ्यास सावरून घेण्याची त्या शहराची परंपराही जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून मिसिसिपी आदी दक्षिणेकडील उष्ण प्रांतांतून कृष्णवर्णीय लोक शिकागोस मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांच्या साह्यार्थ १९१६ मध्ये शिकागो अर्बन लीग ही संस्था निघाली. घर, नोकरी व शहराची रीतभात यांविषयी ती नवागतांस मार्गदर्शन करी. त्यांच्या ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रातूनही अशा सूचना छापून येत. त्या लोकांना भेदभाव पुष्कळ सोसावा लागला, तरी आपल्यामागून येणाऱ्याचा हात त्यांनी सोडला नाही. त्याच्याही आधी, १८९३ च्या सप्टेंबरात, स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेसाठी तेथे पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळचा पत्ता हरवला होता. त्यांनी रात्र रेल्वेच्या आवारात काढली, सकाळी अनेक दारांवरून नकार घेतला आणि थकून रस्त्याच्या कडेस बसले. समोरच्या घरातून श्रीमती हेल बाहेर आल्या, त्यांनी आपणहून चौकशी केली, त्यांना घरात नेले व पुढे परिषदेच्या कचेरीत पोहोचविले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ११ सप्टेंबरच्या त्या सुप्रसिद्ध भाषणाचे श्रेय स्वामीजींचेच. पण ते घडावे म्हणून आधी एक दार उघडले होते, हेही आपण विसरू नये.

आता थोडे आपल्या घरचे बोलू. परदेशी जाणाऱ्या मुलांना आपण निघताना सांगतो, ‘तेथे आपली माणसे शोधून राहा.’ हा उपदेश मायेचा आहे. पण ‘आपली माणसे’ म्हणजे फक्त आपल्या ज्ञातीची, असा अर्थ करून मुले वागली तर त्यांचे हाल होतील. आपली कुटुंबे त्या शहरात थोडी, आणि तीही एकमेकांपासून तास-तास अंतरावर. बर्फाच्या रात्री ताप आला तर धावून येणारा शेजारचा तेलुगू, पंजाबी, मेक्सिकन वा पोलिशच असणार. त्याला आपली ज्ञाती ठाऊक नसते, आणि ठाऊक करून देण्याचे प्रयोजनही आम्हांस दिसत नाही. शिकागोत डेव्हन नावाचा रस्ता आहे. तेथे आपल्याकडील डाळी, मसाले, पापड सारे मिळते. त्या एकाच रस्त्याच्या निरनिराळ्या भागांना गांधी, जिना व इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांची मानाची नावे दिलेली आहेत. येथे जी नावे एकत्र उच्चारणे कठीण, ती तेथे एका रस्त्यावर नांदतात, आणि त्यांच्या खालून माणसे भाजीच्या पिशव्या घेऊन जातात. महाराष्ट्र मंडळही तेथे पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. गणेशोत्सवास तेथे कोणी कोणास ज्ञाती विचारीत नाही.

मग आपल्या मंडळाने काय करावे? आमच्या अल्पमतीस तीन गोष्टी सुचतात. पहिली, स्मरणिकेत आपण कुटुंबांची नावे व मूळ गावे छापतो. त्याबरोबरच परदेशी नवागतांस पहिले आठ दिवस घरी ठेवून घेण्यास तयार असलेल्या कुटुंबांची एक नोंदवही मंडळाच्या कचेरीत असावी, आणि ती मागणाऱ्या प्रत्येक मराठी माणसास, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, खुली असावी. दुसरी, हिवाळ्यात तेथे मुक्कामास असलेल्या आईवडिलांना मंडळातील कोणीतरी आठवड्यातून एकदा दूरध्वनी करावा. ‘आज काय शिजविले?’ एवढे विचारले तरी पुरे. तिसरी, जाणाऱ्या लेकीसुनांना व वडीलधाऱ्यांना निघण्यापूर्वी कामापुरते इंग्रजी बोलण्याचा सराव करवावा. निवृत्त शिक्षक आपल्यांत पुष्कळ आहेत आणि आमचे नाव त्यांत पहिले लिहावे.

जे यंदा जाणार आहेत त्यांना एवढेच सांगतो. जानेवारीत मन उदास झाले तर गारफील्ड पार्क नावाच्या बागेतील मोठे काचघर अवश्य पाहा. १९०८ पासून ते उभे आहे. बाहेर बर्फ असताना आत ताडमाडाच्या जातीची झाडे हिरवीगार असतात आणि ओल्या मातीचा वास येतो. पण तेथे एकटे जाऊ नका, शेजारच्या कोणाला तरी बरोबर न्या.